बेटावर उघडलेलं ऑफिस

मी डेस्कटॉप बोलतोय, पण मला टेबलावर शोधू नका. तायवानच्या मध्यभागी एक भलंमोठं दालन आहे, बाराही महिने गारठलेलं. तिथे यंत्रांच्या रांगाच रांगा अखंड घुमत असतात. त्यांतल्या एका यंत्राचा लहानसा तुकडा माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. तेवढाच माझा संसार. माझ्या मालकिणीने कुठल्याही कॉम्प्युटरवर आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकला की मी तिच्यापुढे उघडतो. बटणं ती तिकडे दाबते, आकडेमोड इकडे माझ्याकडे होते आणि तिला नुसतं चित्र दिसतं. लोक मला आभासी म्हणतात. म्हणोत बापडे.

माझी मालकीण हुंग पेइ-वन. ती इंजिनिअर आहे. जुन्या शाळा, जुने दवाखाने भूकंपात कोसळू नयेत म्हणून त्यांना बळकटी कशी द्यायची, याचे आराखडे ती करते. तायपेइच्या ऑफिसात तिचं स्वतःचं दणकट मशीन होतं, खिडकीजवळची जागा होती. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला नसता तर मी जन्मालाच आलो नसतो.

वडील, थिएन-फू, तायवानच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या पंघू बेटावर एकटे राहत. सगळं आयुष्य माकुल पकडणाऱ्या होडीवर गेलेलं. बायको वारलेली, पेइ-वन एकुलती एक. ती रजा काढून बेटावर गेली. रजा संपत आली, पण बाबांच्या उजव्या हातात अजून जेवणाच्या काड्या धरवत नव्हत्या. नोकरी सोडावी असं तिच्या मनाने घेतलं आणि तिने थू ताईंना फोन केला.

थू ताई म्हणजे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाई. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ.

"सोडतेस कशाला? डोकं फिरलंय का तुझं?" त्या म्हणाल्या. "थांब जरा. साहेबांशी मी बोलते."

साहेब म्हणजे को साहेब, विभागाचे प्रमुख. ते म्हणाले, "आराखडे ऑफिसच्या बाहेर गेलेले मला चालणार नाहीत."

"बाहेर जातच नाहीत, साहेब. सगळं आपल्याच कोठारात राहतं. तिला दिसतं ते चित्र."

"आणि बाई काम करतायत की घोरतायत, ते मला कसं कळणार?"

"आराखडे आले की कळेलच की."

को साहेब बराच वेळ चहाचा पेला हातात फिरवत बसले म्हणे. शेवटी म्हणाले, "बघू उन्हाळ्यापर्यंत."

हा सगळा संवाद मला पुढे दोघींच्या गप्पांतून कळला. त्याच दुपारी थू ताईंनी मला घडवलं. आमचा एक साचा असतो, त्यातून आम्ही सगळे एकसारखे निघतो. मग त्यांनी माझ्यात भूकंपाची गणितं करणारी अवजड सॉफ्टवेअरं भरली, याच दालनात असलेल्या ऑफिसच्या कोठाराकडे जाणारी वाट उघडून दिली आणि माझं दार पेइ-वनच्या नावावर केलं.

तिने मला पहिल्यांदा उघडलं ते तिच्या कॉलेजच्या काळातल्या लॅपटॉपवरून. बिचाऱ्याचं एक बटण निखळलेलं, पंखा धाप लागल्यासारखा वाजायचा. एकट्याच्या बळावर त्याला एक भिंतही पेलली नसती. पण पेलायची होती मला. त्याने फक्त मला दाखवायचं होतं. पेइ-वनने पूर्वकिनाऱ्यावरच्या एका शाळेचा आराखडा उघडला, इमारत चहूबाजूंनी फिरवून बघितली आणि म्हणाली, "चालतंय की." माझं बारसं म्हणायचं तर तेच.

एक सांगून ठेवतो. माझे डोळे म्हणजे तिचा कॅमेरा आणि माझे कान म्हणजे तिचा माइक, तेही तिने चालू ठेवले तर. तेवढ्यावरून मला बेट कळत गेलं. हिवाळ्यात तिथला वारा असा सुटायचा की मीटिंगमध्ये लोक विचारायचे, "समुद्रात बसलीयस का?" एकदा फटाक्यांची माळ लागली तेव्हा को साहेब दचकले.

"हा कसला गोळीबार?"

"देवीची पालखी आलीय दारात, साहेब. दोन मिनिटं."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

साहेबांचं लक्ष असायचं ठिपक्यावर. मालकीण काम करत असली की तिच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो आणि ती थोडा वेळ हलली नाही की तो पिवळा होतो. हा ठिपका लावणारा मीच. त्यात माझा काही वाईट हेतू नसतो, पण तिला त्याचा फार त्रास झाला.

"मघाशी तुमचा ठिपका पिवळा होता," साहेब म्हणायचे.

"बाबांना संडासात नेलं होतं, साहेब."

साहेब घसा खाकरायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे. आराखडे वेळेवर जात होते, चुका निघत नव्हत्या, तरी त्यांचं समाधान होत नव्हतं. माणसांची ही गंमत मला आजवर उमगलेली नाही. काम समोर असतं, पण त्यांना माणूसच समोर बसलेला लागतो.

पण खरी अडचण साहेबांची नव्हती. ती घरातच होती.

एकदा पेइ-वन मीटिंगची वाट बघत होती. बाकी कुणी आलं नव्हतं. तेवढ्यात वारा वाढला, म्हणून ती वाळत घातलेले कपडे काढायला मागे धावली. माइक चालूच राहिला. शेजारच्या श्ये काकू भोपळ्याच्या शेवया घेऊन आल्या होत्या. थिएन-फू त्यांच्याशी हळू आवाजात, शब्द जुळवत जुळवत बोलू लागले.

"पोरीची नोकरी गेलीय."

"काहीतरीच. दिवसभर काम करत असते ती."

"नाटक आहे सगळं. मला वाईट वाटू नये म्हणून. तायपेइतलं तिचं मशीन मी बघितलंय, कपाटाएवढं. या खटाऱ्यावर कुठे इमारती होतात?" ते दम खायला थांबले. "माझ्यापायी गेली तिची नोकरी. माकोंग गावातल्या वृद्धाश्रमात माझ्यासाठी खाट मिळते का ते विचार. मी तिथे गेलो की ही सुटली."

मी सगळं ऐकलं. पण मला मालकिणीचे शब्द दुसऱ्यांपर्यंत नेता येतात, स्वतःचा एकही काढता येत नाही. ती कपड्यांचा ढीग घेऊन परत आली, "काय गप्पा चालल्यात?" म्हणाली आणि श्ये काकूंनी शेवयांचं भांडं तिच्यापुढे केलं.

त्यानंतर बाबांचं जेवण कमी झालं. हाताचे व्यायाम तर त्यांनी बंदच केले. "कशाला? बरा होऊन जायचंय कुठे मला?" असं ते म्हणत. पेइ-वन कधी समजावायची, कधी चिडायची, कधी नुसतीच माझ्यापुढे बसून राहायची आणि माझा ठिपका पिवळा व्हायचा.

त्यातच को साहेबांनी एके दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "पेइ-वन, हे असं फार दिवस चालायचं नाही. उन्हाळा तोंडावर आला. तुम्ही परत या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मीटिंग संपल्यावर बाबा म्हणाले, "ऐकलं मी. गेलीस तर परत घेतील तुला. आश्रमात खाट मिळालीय. पुढच्या आठवड्यात मला सोडून ये आणि तू जा."

"कुणी सांगितलं तुम्हाला खाट विचारायला?"

"मी बाप आहे तुझा. मला विचारायला कुणाची परवानगी लागत नाही."

"आणि मी तुम्हाला तिथे टाकून जाईन असं वाटलं तुम्हाला?"

तिने लॅपटॉप खाडकन मिटला.

पुढच्या आठवड्यातल्या एका सकाळी मीटिंग चालू असताना भूकंप झाला. मला आधी कळलं ते माझ्या दालनात. यंत्रांच्या रांगा पाळण्यासारख्या हलल्या. आम्हाला असे हेलकावे सोसायची व्यवस्था आहे, आम्ही विझलो नाही. पण तिकडे पडद्यावर तायपेइतली माणसं एकामागून एक टेबलांखाली गेली, दिवे झोके घेऊ लागले आणि एकेक चौकट काळी पडत गेली. बेटावर धक्का अगदीच हलका होता.

"थू ताई? को साहेब?" पेइ-वन हाका मारत राहिली. "कुणीतरी बोला." मीटिंगमध्ये ती एकटीच उरली होती. मागून बाबा काठी टेकत टेकत येऊन उभे राहिले.

पहिला फोन आला थू ताईंचा. सगळे सुखरूप होते, पण ऑफिसच्या जिन्याला तडे गेल्यामुळे तपासणी होईपर्यंत इमारतीत पाऊल टाकायला बंदी होती. सगळी मशीनं आत अडकली. दुसरा फोन आला पूर्वकिनाऱ्यावरच्या त्या शाळेतून. मुलं मैदानात सुखरूप उभी होती. पण जुन्या इमारतीच्या खालच्या मजल्यावरचे खांब तडकले होते आणि तिला लागूनच मुलांचं वसतिगृह होतं. भूकंपानंतरचे धक्के येण्याआधी खांबांना आधार द्यायला हवा होता. कुठे आणि किती, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं.

थू ताई बहिणीच्या घरी जाऊन बसल्या आणि एकेकासाठी माझ्यासारखे डेस्कटॉप घडवू लागल्या. जेवणवेळ टळून गेली तेव्हा पडद्यावर को साहेब उगवले. लेकीच्या स्वयंपाकघरात बसले होते. पाठीमागे फोडणीची कढई दिसत होती आणि मांडीवर नातू होता. साहेबांचं तोंड हलत होतं, हातवारे चालले होते, पण आवाज काही येईना.

"अगं, हा माशासारखं नुसतं तोंड काय हलवतोय?" बाबा मागून म्हणाले.

पेइ-वनला हसू आवरेना. "साहेब, माइक. डावीकडे खाली. हां, तोच."

"ऐकू येतंय का आता?" साहेबांचा आवाज आला. तो नेहमीचा नव्हता. "पेइ-वन, शाळेचं काही उघडतंय का तुझ्याकडे?"

"उघडलंच आहे, साहेब. खांबांचं गणित लावून ठेवलंय."

"सगळं आहे?"

"सगळं. कालपर्यंतचं."

साहेबांनी नातवाला खाली ठेवलं. "मग तू सांग, आम्ही काय करायचं. आज तुझ्याशिवाय आमचं काही चालायचं नाही."

काठी जमिनीवर घासल्याचा आवाज आला. बाबा स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

त्या दुपारी मी जेवढा तापलो तेवढा कधीच तापलो नव्हतो. पेइ-वनने पडद्यावर एकेक खांब काढून बघितलं, की वरचं ओझं कुणाच्या अंगावर जातं. शाळेत उभा असलेला कंत्राटदार फोनवर होता. ती सांगेल तिथे त्याची माणसं लोखंडी टेकू रोवत होती. साहेब तिचे आकडे पुन्हा तपासत होते आणि "बरोबर" एवढंच म्हणत होते. शेवटचा टेकू बसल्यावर थोड्या वेळाने पुन्हा धक्का आला. मग फोनवर बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. कंत्राटदार म्हणाला, "उभी आहे, बाई. जागची हलली नाही."

पेइ-वनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाबा पडद्याकडे बोट दाखवत होते. डाव्या हाताचं. "हे खांब, ते तिथे आहेत? खरेच?"

"खरेच."

"आणि शेजारी पोरं झोपतात?"

"हो, बाबा."

"आणि हे तू इथून करतेस? या खटाऱ्यावरून?"

"खटारा नुसता दाखवतो. करणारा दुसरीकडे आहे."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, तुझी नोकरी गेली. तू माझ्यासमोर खोटंखोटं बसतेस."

पेइ-वन त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणून आश्रम?"

"मग दुसरं कशासाठी?" ते पुटपुटले. "श्ये वहिनींना सांग, खाट नको म्हणून. आणि काहीतरी खायला दे. सकाळपासून बसवून ठेवलंयस."

त्यानंतर परत येण्याचं नाव कुणी काढलं नाही. ऑफिसची इमारत उघडली, पण को साहेब आठवड्यातून तीनच दिवस तिथे जातात. बाकीचे दिवस त्यांचाही ठिपका पिवळा होतो. पेइ-वनने एकदा मुद्दाम विचारलं तेव्हा म्हणाले, "नातवाला आंघोळ घालत होतो," आणि घाईघाईने विषय बदलला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे खांब पक्के बांधून झाले. बाबांचे व्यायाम पुन्हा सुरू झाले. काड्यांमधून शेंगदाणा अजून निसटतो, पण शेवया तोंडापर्यंत पोचतात.

आणि मी? मी आता निघालोय. कामं वाढली, तसा थू ताईंनी पेइ-वनसाठी माझ्याहून ताकदवान डेस्कटॉप घडवला. माझ्याकडे होतं ते सगळं त्याच्या स्वाधीन झालं. आज तिने मला बंद केलं की मला पुसतील आणि माझा तुकडा दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. त्याचं मला दुःख नाही. फक्त जाता जाता एक विनवणी आहे. आपलं आजारी माणूस सांभाळत, बेटावरून, डोंगरातून, स्वयंपाकघरातून जे कुणी काम करत असतील, त्यांच्या ठिपक्याचा रंग मोजत बसू नका. त्यांनी काय उभं केलंय ते बघा.

मघाशी पेइ-वन शेवटचं काही शोधत होती. माइक चालू होता. बाबा शेजारी येऊन बसले.

"नवीन येतोय म्हणे. मग या जुन्याचं काय करतात?"

"पुसून टाकतात."

"त्या दिवशीचा हाच ना?"

"हाच."

"ऐकू जातं का त्याला?"

पेइ-वन हसली. "माइक चालू आहे. बघा बोलून."

थिएन-फू पुढे वाकले. कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा एवढा मोठा झाला की मला त्यांच्या भुवयांतला एकेक पांढरा केस दिसला. मग दारात आलेल्या कुणालाही विचारावं तसं त्यांनी मला विचारलं,

"काय रे, जेवलास का?"