शीग भरलेला चमचा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या अंगावरच्या चित्रातल्या पहिलवानाचे दंड खाऱ्या हवेने कधीच खाल्ले, पण एके काळी मला त्यांचा भारी तोरा होता.

१९८४ साली आखातात नोकरी करणाऱ्या मजीदने मला धाकट्या भावासाठी, युसुफसाठी, रत्नागिरीला पाठवले. माझ्या पोटात अमिनो आम्लांची भुकटी होती. घराला जसा चिरा, तशी स्नायूंना अमिनो आम्ले. युसुफ रोज सपाट चमचाभर भुकटी दुधातून घेई, घाम गाळून व्यायाम करी आणि आरशापुढे दंड फुगवी. श्रेय मात्र मी घेत असे.

परदेशची वस्तू एकट्याने खायची त्या घरात रीत नव्हती. मजीदची बायको हमिदा हिने आपल्या सासऱ्यांना, अब्बांना, पेजेतून भुकटी द्यायला सुरुवात केली. चाळीस वर्षे होडी वल्हवलेले अब्बा हल्ली थकले होते. ज्याची ताकद गेली त्यालाच जास्त द्यावे, असे तिला वाटे. म्हणून त्यांचा चमचा शीग भरलेला, तोही दिवसातून तीनदा.

महिन्याभरात अब्बांच्या तोंडची चव गेली, ओकाऱ्या सुरू झाल्या, पाय सुजले. डॉक्टरांनी खाणेपिणे विचारले, तेव्हा हमिदाने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. डॉक्टर म्हणाले, राबणाऱ्या जवानाचे जेवण अपुरे पडत असेल तर याचा थोडा उपयोग होईल, पण युसुफच्या ताटातल्या बांगड्यात आणि डाळीत हेच आहे. अब्बांची मूत्रपिंडे मात्र आधीच दुबळी होती, त्यांना हा भार पेलवला नाही. हे असेच चालले असते तर ते हाती लागले नसते.

मी अब्बांच्या मनगटाकडे पाहिले. ते पीळदार मनगट माझ्याशिवाय, भात-मासळीवर घडले होते. माशाच्या तुकड्यातून मनगट घडवणारे हे शरीर केवढे मोठे कारागीर! मी थक्क झालो, आणि लाजलोही.

हमिदाचे रडे थांबेना. अब्बा म्हणाले, "तू माया घातलीस गो. मापाचं तुला कोणी सांगितलंनच नाय."

भुकटी बंद झाली; औषधाने आणि कमी मिठाच्या पथ्याने सूज उतरली. आता माझ्यात अब्बांच्या वाट्याचे मीठ असते, वेगळे आणि मोजके. मित्रांनो, डब्यावरच्या दंडांना भुलू नका. आधी जाणत्याला विचारा, मग झाकण उघडा.

परवा अब्बा पेजेकडे बघत हळूच म्हणाले, "आज जरा शीग ऱ्हाऊ दे."

हमिदा हसली, आणि तिने बोटाने मिठाचा चमचा सपाट केला.