गुरुवारचा रिकामा रकाना

मित्रांनो, माझ्यावर आता एक पिवळं दुपटं पांघरलेलं असतं. धुऊन धुऊन विटलेलं, पण अजून मऊ. त्याच्याखाली जो धुळकट डबा आहे, तो मी. बोरी अरबच्या महिला दूध संस्थेतला मी एक जुना संगणक आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. पुसदच्या बाजारात जमीरभाईंचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. एका बंद पडलेल्या यंत्राचा पंखा, दुसऱ्याचा डबा, तिसऱ्याच्या तारा असं जुळवून त्यांनी मला उभं केलं. माझा पडदा पहिल्यांदा उजळला तेव्हा त्यांनी त्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "चल बेटा, अब कमा के खा."

संस्थेत मला हिशेब लिहिणाऱ्या समीक्षाने हाती घेतलं. तेव्हा तिची प्रेरणा तान्ही होती. पाळणा माझ्याच टेबलाला लागून असे. एका पायाने पाळणा हलवत समीक्षा माझ्यात आकडे भरायची. कुठल्या गावाहून आज किती लिटर दूध आलं, फॅट किती लागलं. ज्या दिवशी गाडी एखाद्या गावाला गेलीच नाही, त्या दिवशीचा रकाना ती रिकामा सोडायची. माझ्या पंख्याची घरघर ऐकत प्रेरणा झोपून जाई. मी मध्येच बंद पडलो, की ती दचकून जागी व्हायची. म्हणून मी बंद पडू नये असं मला फार वाटायचं.

हळूहळू गावं वाढली, आकडे वाढले. एक दिवस संस्थेच्या अध्यक्ष नंदाबाई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आकडे तं पोत्यानं भरून राह्यलो आपण. पण त्याईतून समजते काय वं आपल्याले?"

नंदाबाईंचा भाचा कपिल नागपूरला नोकरी करतो. त्याने महिनाभर वापरून बघायला दोन सॉफ्टवेअर आणली आणि माझ्यात बसवली.

"मावशी, हे पह्यलं बिझनेस इंटेलिजन्सचं," तो समजावू लागला. "काय चालू हाय ते एका नजरेत दाखवते. चांगलं ते हिरवं, वाईट ते लाल. अन् हे दुसरं डेटा ॲनालिटिक्सचं. हे आपल्या मनानं फार बोलत नाही, याले विचारा लागते. असं काहून झालं, पुढं काय होईन. शिकायले जरा जड हाय."

"आमच्या बुढ्यावानी हाय मंग," नंदाबाई म्हणाल्या. "विचारल्याबिगर बोलतच नाही. दोन्ही ठेवून घे ना."

"एकच ठेवता येईन. कोणतं, ते तुमी ठरवा."

मित्रांनो, त्या दोघांचं ओझं माझ्या म्हाताऱ्या अंगाला पेलत नव्हतं. त्यातून नवीच अडचण आली. रिकामा रकाना दिसला की पहिलं सॉफ्टवेअर अडून बसे. समीक्षा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. त्या दिवशी प्रेरणाला ताप होता, तिचा अर्धा जीव घरी होता. तिने सगळ्या रिकाम्या रकान्यांत शून्य भरून टाकलं आणि घाईने निघाली. काम सुरू झालं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले. सगळे हिरवे, एकच लाल. तो लालीबाईंच्या तांड्याचा होता. लालीबाई त्या तांड्यातलं दूध गोळा करत. गाडी सडक सोडून आत वळवायला रोज सरासरी जेवढं दूध लागतं, तेवढं तिथून येत नाही, असं तो खांब सांगत होता. दुसऱ्या सॉफ्टवेअरला विचारलं, पुढे वाढेल का? त्यानेही नाही म्हटलं.

"दोघंही एकच सांगून राह्यले," नंदाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "बलाव लालीबाईले."

लालीबाई आल्या. गाडी बंद झाली तर तांड्यातल्या बायांना रानातून दुधाच्या कॅना डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत यावं लागलं असतं. म्हाताऱ्या, दिवस गेलेल्या बाया ते कुठून करणार? त्यांचं दूधच बंद पडलं असतं. लालीबाईंनी माझ्या पडद्यावरच्या खांबावर बोट ठेवलं.

"हा लाल, तो आमचा का?"

समीक्षाने मान हलवली.

"गाडी बंद नका करू, नंदाबाई." त्या समीक्षाकडून नंदाबाईंकडे वळल्या. "गुरुवारचं बी देतो आमी. लेकराईले सांगीन मी समजावून."

"गुरुवारचं म्हणजे?"

"मागं एका साली तांड्यातले लेकरं लय सुकले होते. तवापासून गुरुवारचं दूध आमी विकत नाही. घरोघरी ते लेकराईच्या पेल्यात जाते. गाडीवाल्यालेबी माहीत हाय, तो येतच नाही त्या दिवशी. पण आता देऊ. काय करता?"

समीक्षाची बोटं माझ्या कळांवर तशीच थांबली.

"नंदाबाई," ती म्हणाली, "ते रकाने रिकामे होते. म्या त्याईत शून्य भरले."

कुणालाच लगेच कळलं नाही. मग तिने दुसऱ्या सॉफ्टवेअरला विचारलं, तांड्याचं दूध वारावारानं दाखव. खांब उभे राहिले. सगळे वार भरलेले, आणि मध्ये गुरुवारचा खड्डा. शून्य म्हणजे गाडी गेली आणि रिकामी परतली. रिकामा रकाना म्हणजे गाडी गेलीच नाही. त्या न झालेल्या फेऱ्याही मी इमानदारीने मोजल्या होत्या. तिने एकेक शून्य पुसलं, तांड्याचा गुरुवार मोजायचा नाही असं दोन्ही सॉफ्टवेअरना सांगितलं. मी तापलो, घरघरलो, पण थांबलो नाही. लाल खांब हिरवा झाला.

"या दोघाईचा काय दोष बाप्पा," नंदाबाई नागपूरहून आलेल्या कपिलला म्हणाल्या, "आपणच त्याईले खोटं सांगतलं." मग त्यांनी लालीबाईंचा हात धरला. "गुरुवार लेकराईचाच राहीन. गाडी बाकीच्या दिवशी येईनच."

लालीबाईंनी पदराने डोळे पुसले. "मले तं वाटलं, हा डब्बाच आमच्यावर रुसला."

संस्थेने दुसरं सॉफ्टवेअर ठेवलं. शिकायला जड, पण वार विचारला तर वार सांगणारं. मला मात्र ते कायमचं पेलणार नव्हतं. त्याच्यासाठी नवा संगणक आला. तो बसवायला जमीरभाईच आले होते. जाताना माझ्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "बहुत कमाया, बेटा." प्रेरणा आता शाळेत जाते. माझ्यावर धूळ बसते म्हणून तिने स्वतःचं दुपटं आणून मला पांघरलं.

माझ्यातले सगळे आकडे आता नव्याकडे जातील. मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन माझ्या भावंडांसमोर बसाल. त्यांची धूळ पुसा, त्यांना जपा. पण त्यांच्यात एखादा रिकामा रकाना दिसला, तर घाईने तो भरू नका. आधी कुणाला तरी विचारा. त्या रिकाम्या जागी, दूर एखाद्या तांड्यात, कुणीतरी लेकरू दोन्ही हातांनी पेला धरून दूध पीत असेल.