पिळणीला लावलेले हिरवे ठिगळ

मित्रांनो, मला पाहून साप समजू नका. मी पिळणी आहे. कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, पिळायची, वेताच्या पट्ट्यांची विणलेली, माणसाहून उंच आणि आता बरीच जुनी. आमचे लोक मला रुगुमा म्हणतात. माझ्या पोटात किसलेला ओला कसावा ठासून भरतात, वरचा फास झाडाच्या फांदीला अडकवतात, खालच्या फासात दांडा घालतात आणि त्या दांड्यावर बायका बसतात. मग मी ताणली जाते, बारीक होते आणि कसाव्यातले विषारी पाणी माझ्या अंगातून निथळते. उरलेल्या कोरड्या किसाची तव्यावर पातळ भाकरी होते. तिला एरेबा म्हणतात.

माझा जन्म होंडुरासच्या किनाऱ्यावरचा. फेर्मीन नावाच्या कोळ्याने मला विणले. शेवटची गाठ मारल्यावर त्याने मला आपल्या भाचीच्या, बासिलियाच्या, हातात दिले आणि बजावले, की कामाआधी हिला रात्रभर ओढ्यात ठेवत जा, कोरडी राहिली तर तुटेल. बासिलिया तेव्हा नुकतीच संसाराला लागली होती. तिने ते मनावर घेतले. पुढे कितीतरी वर्षे गावातल्या बायका तिच्या अंगणात जमत, कसावा किसत, गाणी म्हणत आणि माझ्या दांड्यावर बसून एकमेकींच्या वजनाची थट्टा करत. "बासिलियाची रुगुमा थेंब ठेवत नाही," असे त्या म्हणत, तेव्हा माझी वीण अभिमानाने ताठ होई.

मग गावात किसायचे आणि दाबायचे यंत्र आले. मला खुंटीवर टांगले गेले. माझ्यावर कोळिष्टके चढली. राजधानीहून आलेल्या एका पाहुण्याने माझा फोटो काढला, पण हात लावला नाही. मला वाटले, आपले दिवस संपले.

एके दिवशी बासिलियाने मला खाली काढले. आता तिचे केस पांढरे झाले होते आणि गुडघे कुरकुरत होते. ती युरुमेनला निघाली होती. आमच्या लोकांचे मूळ बेट ते. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रजांनी आमच्या लोकांना तिथून जहाजात कोंबून होंडुरासच्या किनाऱ्यावर आणून टाकले. जे डोंगरात लपले, ते तिथेच राहिले. तिची भाची नेल्सी न्यूयॉर्कमध्ये परिचारिका होती. त्याच इस्पितळात त्या राहिलेल्या लोकांपैकी एक मुलगी काम करत होती. त्या मुलीच्या आईने, ईनाने, बासिलियाला घरी बोलावले होते. नात्याची नेमकी दोरी कुठे जुळते, हे दोघींनाही सांगता आले नसते. एकीचे लोक नेलेले, दुसरीचे राहिलेले, एवढेच ठाऊक.

शेजारच्या ग्रेगोरियाने टोमणा मारलाच. "गुडघे धड वाकत नाहीत आणि निघाली समुद्रापार. तिथं तुला ओळखणार कोण?"

"मी ओळखीन की त्यांना," बासिलिया म्हणाली. "एका बाजूनं ओळख असली तरी सुरुवात होते."

तिला न्यायला आलेल्या नेल्सीने समजावले, की मावशी, दुकानात तयार एरेबा पिशवीत मिळतात, त्या नेऊ. हे लांबलचक लटांबर कशाला?

"तयार भाकरी पाहुणे नेतात," बासिलिया म्हणाली. "मला पाहुणी म्हणून जायचंच नाही. तिथल्या मातीतला कसावा, तिथली चूल, आणि थापणार मी."

बेटावरच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या बाईंनी मला पाहून एक पाऊल मागे घेतले. झाडापासून बनवलेली वस्तू तपासल्याशिवाय सोडता येत नाही, असे त्यांनी सांगितले. बासिलिया आपल्या बोचक्यावर बसली आणि नेल्सीकरवी निरोप दिला, की ही बाहेर येईल तेव्हाच मी बाहेर येईन. बाईंनी माझ्या पोटात बॅटरीचा झोत टाकला, आतबाहेर औषध फवारले आणि हसून मला सोडून दिले.

ईनाचे गाव ज्वालामुखीच्या पायथ्याशी, काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर आहे. स्वागत थाटाचे झाले. गावच्या सभागृहात भाषणे झाली, मला भिंतीवर टांगून कागदी फुलांचा हार घातला. खिडकीतले ऊन दिवसभर माझ्यावर पडे. बासिलियाचीही तीच गत. तिला उत्तम खुर्ची, उत्तम बशी. पेला उचलायला गेली की चार हात पुढे येत. लोक तिच्याबरोबर फोटो काढत, धबधबा दाखवत, चर्च दाखवत. चुलीपाशी मात्र तिला कुणी येऊ देत नव्हते.

"मला काचेची बाहुली करून ठेवलीय यांनी," ती नेल्सीवर चिडली.

त्या संध्याकाळी ओसरीत ईनाने हळूच एक मागणी केली. आमची जुनी भाषा या बेटावर कधीच विझून गेली होती, म्हणून बासिलियाने त्या भाषेत काहीतरी बोलावे. बासिलियाने नारळाच्या दुधातली मासळी कशी करतात ते सांगितले. ईना डोळे मिटून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "कळलं काहीच नाही. पण थांबू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बासिलियाने मला भिंतीवरून उतरवले, हार बाजूला ठेवला आणि कसावा मागितला. ईनाने परसातला कडू कसावा खणून आणला. बायका जमल्या, सोलणे झाले, किसणे झाले. बासिलिया इतकी आनंदात होती, की जन्मात विसरली नाही ती गोष्ट विसरली. मला भिजवायचे राहिले. मी तिला कशी सांगणार?

ईनाची चुलत बहीण वर्लीन अंगाने चांगली भरलेली. "बसते मी, पण झाड मोडलं तर माझं नाव घ्यायचं नाही," असे म्हणत ती दांड्यावर बसली. झाड मोडले नाही. मी मोडले. कमरेच्या खाली माझी वीण तडातडा उसवली आणि थोडा पांढरा कीस मातीत पडला.

वर्लीनने डोक्याच्या रुमालाने तोंड पुसले. ईना पुढे झाली आणि नेल्सीकरवी समजूत घालू लागली, की जाऊ दे, आम्ही उरलेला कीस पोत्यात भरून वर दगड ठेवतो. तू सावलीत बस, भाकरी तयार झाली की आणून देऊ.

"बसणार नाही," बासिलिया म्हणाली. "दुपार सरली की कीस आंबेल. इथं विणकाम कोण जाणतं?"

ईनाचा भाऊ ओथनील मासे धरायचे पिंजरे विणत असे. त्याने मला उलटीसुलटी करून पाहिले. "असली वस्तू कधी केली नाही," तो म्हणाला, "पण पिंजऱ्याचं तोंड आम्ही असंच आवळत नेतो."

तो नदीकडे निघाला, तशी बासिलियाही गुडघ्यांना न जुमानता मागे निघाली. तिने मला पाण्यात बुडवले आणि तो वेत कापून सोलेपर्यंत मला धरून राहिली. मग दोघे काठावर बसून विणू लागले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. ओथनीलची ओळ चुकली, तेव्हा बासिलियाने त्याच्या हातावर चापट मारली. "अरे, आधी ओढ, मग वळव." त्याला शब्द कळला नाही, चापट कळली. तो हसला आणि त्याने आधी ओढले.

मित्रांनो, त्या नव्या पट्ट्या माझ्यात शिरल्या, तेव्हा मला कसे वाटले काय सांगू? फेर्मीनच्या कितव्यातरी पणजोबाने याच काठचा वेत कापला असेल. त्या हिरव्या, मी काळपट. तरी आमची वीण एकमेकींत बसली.

परत आल्यावर वर्लीन दांड्याजवळ फिरकेना. बासिलिया स्वतः बसली आणि तिने ईनाला हाताला धरून शेजारी बसवले. मी ताणले गेले, पण टिकले. विषारी पाणी ठिबकू लागताच ईनाने उठून कोंबड्या हाकलल्या. तिला ते कुणी सांगावे लागले नाही.

पहिली एरेबा कडेला करपली, दुसरी जमली. सगळ्यांनी मोडून खाल्ली. पोट भरल्यावर बासिलिया पाय पसरून भिंतीला टेकली, तेवढ्यात ईना तिच्याकडे वळून काहीतरी करड्या आवाजात बोलली. नेल्सी गोरीमोरी झाली.

"काय म्हणाली ती? सांग ना."

"म्हणते, बसलीस काय अशी? तव्याला चिकटलंय ते कोण खरवडणार, मी?"

बासिलिया गुडघ्यांवर हात टेकून उठली. तवा घेऊन नळाशी गेली आणि कसावा किसताना म्हणायचे गाणे गुणगुणत तो घासू लागली. इतक्या वर्षांत मी तिला असे खूश कधी पाहिले नव्हते.

परत निघताना तिने मला ईनाच्या घरी ठेवले. आता मी इथेच असते आणि दर काही दिवसांनी कामाला लागते. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना हार घालून उन्हात टांगू नका. त्यांची निगा राखा आणि त्यांच्याकडून काम घ्या. आणि दूरच्या नातलगांकडे गेलात, तर फोटो काढून परतू नका. त्यांच्या घरातले एखादे काम हट्टाने मागून घ्या. माझा खालचा भाग अजून हिरवट आहे, वरचा काळा. पण दांड्यावर भार आला, की आम्ही दोघी सारख्याच ताणल्या जातो.