सायमाची हलकी बंदूक

खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या बायकोला, सायमाला, बजावलं की मोठी बंदूक आता विसरायची, तिचा दणका हा खांदा सोसणार नाही. सायमानं मुकाट्यानं मान डोलावली आणि घरी येऊन माळ्यावरची बारीक गोळीची बंदूक खाली काढली. माझ्या सासऱ्यांनी ती कोल्ह्यांसाठी घेतली होती.

तिचा थोरला भाऊ वेइको हसत सुटला. "सायमे, हरीण मारायचंय की उंदीर? जखमी करून घालवलंस तर नियम ठाऊक आहे ना?"

नियम आमच्या शिकारघराचा, सासऱ्यांच्या काळापासूनचा. हरीण जखमी करून हरवलं की त्याची दबा धरून बसायची जागा गेली. सायमाची जागा दलदलीच्या कडेला, मोठ्या सीडरच्या झाडाखाली. आमच्या मिशिगनच्या रानात तशी दुसरी नाही, आणि वेइकोच्या जावयाचा तिथं केव्हाचा डोळा.

"दुकानात मिळतील ती काडतुसं घे आणि मोकळी हो," मी म्हणालो.

"तू गप रे. तुला नुसती घाई."

तिनं तीन प्रकारची आणली. गोळ्या पारखायला ओल्या रद्दीचे गठ्ठे रचले, पुढं बैलाची बरगडी बांधली, त्यापुढं एक कागद. कोल्ह्या-खारींसाठीची पातळ कवचाची गोळी बरगडीवरच फुटून तिचा भुगा झाला. दुसरी लांब आणि जड. माझी पसंती तिलाच होती. पण कागदाला आडवं भोक पडलं. जुन्या नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे पीळ सैल, त्यांना एवढी लांब गोळी पेलेना, ती कोलांट्या खात गेली. तिसरी मध्यम वजनाची, आतलं शिसं कवचाला पक्कं जोडलेलं. बरगडी फोडून ती रद्दीत खोल गेली आणि कुत्र्याच्या छत्रीसारखी फुलून निघाली. तेवढ्यावर सायमाचं समाधान होईना. बर्फ पडेपर्यंत ती त्याच गोळीनं नेम धरत राहिली. मी काय म्हणणार? बाई एकदा हट्टाला पेटली की पेटली.

मोसम सुरू झाला. मारलेलं हरीण ओढायला हात हवा म्हणून मी तिच्याशेजारी बसलो. दुसऱ्या सकाळी मोठ्या शिंगांचा नर समोर आला आणि छाती आमच्याकडे करून उभा राहिला.

"मार ना!" मी कुजबुजलो.

तिनं नकारार्थी मान हलवली. नर निघून गेला आणि माझं डोकंच फिरलं.

"समोरून छातीचं हाड," ती हळूच म्हणाली. "या गोळीचं काम बरगड्यांतून."

दुपारी एक लहान नर आला, आडवा उभा राहिला. पुढच्या पायाच्या फऱ्यामागं तिनं गोळी घातली. हरीण उधळलं, झाडीत गेलं. बर्फावर रक्ताचा थेंब नाही. आवाज ऐकून वेइको आलाच.

"दाजी, गेली जागा!"

सायमा निघाली. बर्फातल्या खुरांच्या मागावरून सरळ चालत राहिली. गर्द झाडीआड हरीण पडलं होतं, निपचित. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेली होती. मला त्या बाईला तिथंच मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली.

"खांदा, अरे खांदा!" ती ओरडली.

संध्याकाळी सॉनात, वाफेच्या खोलीत, मी आणि वेइको उघडे बसलो. त्याचा उजवा खांदा मोठ्या बंदुकीनं काळानिळा पडलेला. माझी नजर गेली तसा तो वळून बसला.

"दोन वर्षं झाली दाजी," तो म्हणाला. "चाप ओढताना दणक्याच्या धास्तीनं माझे डोळे मिटतात. गेल्या साली एक मादी जखमी होऊन गेली. कुणाला बोललो नाही."

नियम सगळ्यांत मोठ्यानं सांगणारा हाच माणूस. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

"मला नका सांगू. तिला सांगा."

टॉवेल गुंडाळून तो तसाच वाफाळत बर्फात गेला. सायमा हरीण सोलत होती. त्याचं सगळं तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

"उद्या माझ्या जागेवर बस, दादा," ती म्हणाली. "बंदूक माझी घे. मी शेजारी असेन. आडवं उभं राहीपर्यंत मारायचं नाही, आणि डोळे उघडे."