दत्ताराम परबांची दुनळी

"काका, ही बंदूक कुठं मिळते हो?"

दत्ताराम परबांनी या बंदुकीबद्दल आजवर पुष्कळ प्रश्न ऐकले होते. खरी आहे का, कुणाला मारलंय का, कव्हरात क्रिकेटची बॅट आहे का. पण सकाळी सात वाजता, आरेच्या चढाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीवर शाळेतल्या पी.टी.च्या टीचरनं कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं विचारल्यावर त्यांना सायकलवरून पाय खाली टेकावाच लागला.

"बाजारात नाही मिळत, टीचर. आधी लायसन्स लागतं."

"मग ते कुठं मिळतं?"

सिंथिया टीचर मरोळ गावठाणातल्या. त्यांचा भाऊ रॉनी आणि आणखी सहा-सात जण शनिवार-रविवार आरेतून सायकली हाणायचे आणि परतताना या टपरीवर चहाला थांबायचे. ही सगळी टोळी जमवली सिंथियानंच. पण चार महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर मागून मोटारसायकलवर आलेल्या कुणीतरी तिच्या पाठीवरची बॅग ओढली. ती सायकलसकट पडली आणि उजवा हात मनगटात मोडला. हात जुळला, पण सायकल तेव्हापासून घरामागच्या पडवीत उभी होती. आता ती स्कूटरवरून टपरीपर्यंत यायची, चहा प्यायची आणि स्कूटरवरूनच परत जायची. सायकलवाल्यांच्या घोळक्यात स्कूटर घेऊन बसणं किती केविलवाणं दिसतं, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"मी तर म्हणतो, प्रत्येक सायकलवाल्याकडं पिस्तूल पाहिजे," रॉनी म्हणाला. "नुसतं काढून दाखवायचं. समोरच्याची वाट लागली पाहिजे."

"काढणार कुठून?" हे नंदकिशोर. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीतला अपघात त्यांना आधी दिसायचा. "या चड्डीला खिसा तरी आहे का? रुमाल ठेवायला जागा नाही, तो मी गळ्यात बांधतो. पिस्तूल काय दातात धरणार?"

"कमरेला लावायचं ना यार!"

"आणि खड्डा आला की? पहिल्याच खड्ड्यात आपल्याच मांडीत गोळी. चोराला काही करायलाच नको. तो आरामात येईल, विचारपूस करेल आणि सायकल घेऊन जाईल."

सगळे खो खो हसले. सिंथिया हसली नाही.

"तुमचं काय जातंय हसायला? मागून मोटारसायकलचा आवाज आला की माझे हात कापतात. तुमचे नाही कापत." मग ती पुन्हा परबांकडे वळली. "काका, तुम्ही चोवीस वर्षं या रस्त्यानं एकटे जाता. तुम्हांला कधी कुणी अडवलं?"

"नाही बा."

"का नाही अडवलं?"

सगळ्यांच्या नजरा परबांच्या खांद्यावर गेल्या. परब खोटं काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बंदुकीचा पट्टा जरासा वर ओढला, झालं.

दत्ताराम परब दिंडोशीच्या एका पतसंस्थेत गनमन होते. मरोळ-मरोशीच्या चाळीतून लोखंडी सायकलवर निघायचं, पाठीला दुनळी बंदूक आडवी टाकायची, आरे ओलांडून शाखेच्या दाराशी स्टुलावर बसायचं, आणि संध्याकाळी तसंच परत. चोवीस वर्षांत बंदूक एकदाही उडाली नव्हती. शाखेतला सगळ्यांत मोठा दंगा म्हणजे पासबुक भरून घेण्याच्या रांगेत दोन बायकांची जुंपली होती, आणि तो परबांनी हात जोडून मिटवला होता.

पण रस्त्यावर त्यांना मान होता. तबेल्यातले भय्ये हात वर करायचे, रिक्षावाले वाट द्यायचे. आणि हा मान ज्यावर उभा होता, त्याची एक गंमत फक्त परबांना आणि शाखेला ठाऊक होती. रस्त्यावर ती बंदूक रिकामी असायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी परब चढावर सायकलसकट आडवे झाले होते, भरलेली बंदूक खाली आणि परब वर. काही झालं नाही, पण ते ऐकून तेव्हाच्या मॅनेजरांनाच घाम फुटला. "परब, बंदूक घरी न्यायची तर न्या. काडतुसं इथं तिजोरीत राहतील." तेव्हापासून सकाळी दोन काडतुसं सही करून घ्यायची आणि संध्याकाळी सही करून परत द्यायची. परबांनी हे घरी बायकोला, सुगंधालासुद्धा सांगितलं नव्हतं. सुरुवातीला लाज वाटली म्हणून, आणि पुढं, खरं सांगायचं तर, तिची भीती त्यांना आवडायला लागली म्हणून. बंदूक कपाटावर ठेवली की बायको घरात हळू आवाजात बोलायची. एवढं सुख कोण सोडेल?

"उद्या रविवार आहे," सिंथिया म्हणाली. "काका, तुम्ही याल आमच्याबरोबर? तुम्ही पुढं असलात तर मी सायकल काढीन."

या महिन्याच्या अखेरीला परब निवृत्त होणार होते. त्यानंतर आपल्याला कोण विचारणार, या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. आणि इथं सात-आठ माणसं हातात चहाचे ग्लास धरून त्यांच्या उत्तराची वाट बघत होती. ते एकदम हो म्हणाले.

पहिल्या रविवारी सिंथिया आली ती हँडल इतकं घट्ट धरून, की बोटं पांढरी पडली होती. परब पुढं, त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून ती, आणि मागं बाकीची वरात. हजारो रुपयांच्या हलक्या फुलक्या सायकली एका करकरणाऱ्या लोखंडी सायकलच्या वेगानं चालल्या होत्या. रॉनीला तर मधेमधे ब्रेक दाबावा लागत होता. वाटेत तीन कुत्री भुंकत अंगावर आली, तशी टोळी ओरडली, "काका, बंदूक!" परब शांतपणे खाली उतरले. "उतरा सगळे. चालत चला. त्यांचं भांडण चाकाशी आहे, आपल्याशी नाही." सगळे उतरले, चालले, आणि कुत्री कंटाळून निघून गेली.

"काय कंट्रोल आहे!" रॉनी भारावून म्हणाला. "याला म्हणतात ट्रेनिंग."

परबांना हे ऐकून इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी ते घरी शीळ घालत आले.

दुसऱ्या रविवारी सिंथिया चालत्या सायकलवर एका हातानं पाणी प्यायली. तिसऱ्या रविवारी ती चढावर गाणं म्हणत होती. परबांना मागून ते ऐकू येत होतं आणि त्यांची छाती भरून येत होती. आपण कुणाला तरी उपयोगी पडतोय, हे कळायला माणसाला साठ वर्षं लागू नयेत, पण लागली होती.

त्याच रविवारी उतारावर एक मोटारसायकल मागून आली आणि सिंथियाच्या शेजारी येऊन हळू झाली. हेल्मेटवाल्यानं तिच्या पाठीकडं हात केला. सिंथिया किंचाळली. "काका! बंदूक काढा! काढा!"

परब सायकल टाकून वळले. कव्हरातली बंदूक बघताच त्या माणसानं दोन्ही हात वर केले. मोटारसायकलवर बसून दोन्ही हात वर केले की जे व्हायचं तेच झालं. गाडी आडवी, माणूस गटारात आणि त्याचा जेवणाचा डबा उघडून भेंडीची भाजी रस्त्यावर.

"अहो, मॅडमच्या बॅगेची चेन उघडी आहे!" तो गटारातून रडवेल्या आवाजात ओरडला. "किल्ल्या लोंबतायत! एवढंच सांगायला आलो! मी हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय आहे हो, ड्यूटीवर चाललोय!"

त्याला बाहेर काढलं, झटकलं, माफी मागितली. नंदकिशोरनी त्याला मलम लावलं, रॉनीनं वडापाव खायला घालून वाटेला लावलं. लागलं काहीच नव्हतं. पुढं टपरीवर जो तो ती गोष्ट पुन्हा सांगत होता आणि हसून हसून चहा सांडत होता. सिंथिया मात्र बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती.

"मी उद्याच लायसन्सचा अर्ज लिहिणार," ती म्हणाली. "मला स्वतःची बंदूक पाहिजे. काका, तुम्ही काढली नाहीत. मी असते तर काढली असती. आणि चालवली असती."

परबांनी चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर तो वॉर्डबॉय आला, हात वर केलेला, बुटात भाजी. आणि बंदुकीवर भरवसा ठेवायला ही बाई शिकली होती ती त्यांच्याच पाठीकडं बघून.

घरी आल्यावर त्यांनी बंदूक कपाटावर ठेवली आणि खाटेवर बसून वॉर्डबॉयचं आणि टीचरच्या अर्जाचं सगळं सांगितलं.

"सुगंधा, आणखी एक सांगूचा होता. रस्त्यार ती रिकामी आसता."

"कोण?"

"बंदूक. काडतुसां थय शाखेत रवतत. पयल्यापासून."

सुगंधा तांदूळ निवडायची थांबली. आधी तिनं कपाटाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"म्हणजे चोवीस वर्सां मी एका काठयेक भियत रवलंय?"

"तसाच म्हण."

"चोवीस वर्सां मी भिंतीकडे तोंड करून निजतंय! मानेक वात धरलो माझ्या!" आणि ती हसत सुटली. इतकी, की शेजारच्या जयंतीबेन काय झालं म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. परबांना त्या हसण्यानं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि एका परीनं सुटल्यासारखंही. हसू आवरल्यावर सुगंधानं डोळे पुसले.

"आता जावा आणि त्या टीचरणीक सांगा. ती खरी बंदूक घेयत आणि कोणाक तरी उडयत. मगे हसूक येवचा नाय."

सोमवारी संध्याकाळी ड्यूटीवरून परतताना परब सायकल घेऊन मरोळ गावठाणात शिरले. सिंथियाच्या ओट्यावर टेबलावर अर्जाचे कागद पडलेलेच होते. परब बसले नाहीत. त्यांनी कव्हर काढलं, बंदूक मधोमध वाकवून उघडली आणि तिच्यासमोर धरली.

"बघा आतून."

सिंथियानं नळीला डोळा लावला. समोरच्या घराची निळी भिंत दिसली, दोरीवरचे कपडे दिसले, आणि एक कोंबडी आडवी गेली तीही दिसली.

"यात तर काहीच नाही."

"कधीच नव्हतं, टीचर. रस्त्यावर तर नाहीच. मी सांगायला हवं होतं. तुम्ही सगळे काका काका करत होता, मला ते गोड लागलं. चुकलं माझं."

तिनं पुन्हा एकदा नळीतून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तीन रविवार मी कुणाच्या जिवावर सायकल चालवली?"

"ते मला कसं कळणार? पॅडल तर तुम्हीच मारत होतात."

यावर हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिनं बंदूक दोन्ही हातांनी, गरम भांडं द्यावं तशी त्यांना परत दिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आता जा." परब गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि सुगंधानंही आग्रह केला नाही.

शनिवारी निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, दोन भाषणं. मॅनेजरबाईंनी सांगितलं की परबांच्या जागी आता कॅमेरा बसणार आहे. परब म्हणाले, छान. तिथून ते तडक पोलीस ठाण्यात गेले आणि बंदूक जमा करून लायसन्स रद्द करायचा अर्ज देऊन आले. पावती सुगंधानं देवाजवळ ठेवली.

रविवारी जायचं की नाही, यावर परबांनी तासभर काढला. शेवटी गेले, कारण न जाणं हे तोंड लपवण्यासारखं झालं असतं. टपरीवर सगळे होते. त्यांच्या मोकळ्या पाठीकडं सगळ्यांनी बघितलं, आणि कुणीच काही विचारलं नाही. म्हणजे सिंथियानं सगळं सांगितलं होतं. रॉनी आपल्या सायकलच्या चेनकडं उगाच बघत होता. परबांना वाटलं, आता नमस्कार करावा आणि वळावं.

तेवढ्यात गावठाणाच्या बाजूनं सिंथिया आली. सायकलवर. तिनं ब्रेक दाबला, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "निघायचं ना? की चहातच दिवस काढायचा?"

टोळी निघाली, आणि आज कुणाला कुणाच्या मागं राहायचं नव्हतं म्हणून भुर्रकन पुढं गेली. नंदकिशोरसुद्धा दिसेनासे झाले. चढाला लागेपर्यंत मागं परब एकटेच उरले. मागून मोटारसायकलचा आवाज आला आणि त्यांच्या मानेवर काटा आला. ती निघून गेली. दुसरी आली, पुन्हा काटा. परबांना आश्चर्य वाटलं आणि शरमही. ती नुसती लोखंडाची नळी आहे हे जगात ज्याला सगळ्यांत पक्कं माहीत होतं, तो माणूसही चोवीस वर्षं तिच्याच आडोशानं चालला होता.

चढाच्या अर्ध्यावर सिंथिया एक पाय टेकून थांबली होती. परब धापा टाकत तिच्याजवळ पोचले.

"दम लागला, काका?"

"दम नाही," परब म्हणाले. साठ वर्षांत पुढचं वाक्य त्यांनी कुणापुढं उच्चारलं नव्हतं. "भीती वाटतेय मला."

सिंथियानं मान डोलावली. तिची बोटं हँडलवर पुन्हा पांढरी पडलेली त्यांना दिसली.

"मलाही," ती म्हणाली. "तुम्ही आतल्या बाजूला या. गाड्यांच्या बाजूनं मी चालवते."

परबांनी मुकाट्यानं सायकल डावीकडे घेतली, आणि दोघं चढाला लागले.