सपाट रस्त्यावरचं वळण

तोकोनामी इसामु एकोणीस वर्षं गोल फिरून पोट भरत होता. तो केइरिनचा खेळाडू; केइरिन म्हणजे जपानातल्या पैजा लावून बघायच्या सायकल शर्यती. त्या सायकलला ब्रेक नसतात. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर द्यायचा. नव्या खेळाडूंना तो सांगायचा, "वळणावर आपल्याला कोणी बाहेर फेकत नाही रे. आपण सरळच निघालेलो असतो, आत ओढून धरणारं काहीतरी लागतं. इथे ही तिरकी धावपट्टी धरते. वेग दुप्पट केलात तर जोर चौपट लागतो. हे कळलं तर ठीक, नाहीतर हाडं मोडल्यावर कळेल."

आज मिओरी जाऊन एकोणपन्नासावा दिवस, म्हणजे तिकडचं तेरावंच. चार वर्षांची लेक गेल्यावर माणूस ऊर बडवतो, निदान अन्न तरी टाकतो. इसामु तीन वेळा व्यवस्थित जेवत होता. भात कसा झालाय म्हणून विचारलं तर मात्र त्याला सांगता येत नव्हतं. सकाळी दाढी करताना गाल कापला, तेही बायकोने, चिझुरुने, कॉलरवरचं रक्त दाखवल्यावर त्याला कळलं.

देवळातले उपाध्याय पाठ म्हणून गेले. पाहुण्यांत मागे राहिला तो एकटा उशिजिमा, इसामुचा शर्यतीतला जुना सोबती. "वहिनी, या मांड्या घेऊन गुडघ्यांवर बसायचं म्हणजे शिक्षा आहे हो," तो कुजबुजला.

"पसर पाय. मिओरी हसली असती तुला," चिझुरु म्हणाली.

तेवढ्यात दारात कोणीतरी आलं. गल्लीतला सायकल दुरुस्तीवाला, म्हातारा ओरिता. तो आत आलाच नाही. अंगणातल्या खडीवर गुडघे टेकून त्याने कपाळ जमिनीला लावलं.

"अपघाताआधी, गुरुवारी, मीच तुमच्या सायकलच्या ब्रेकची रबरं बदलली होती, बाई. एखादा नट सैल राहिला असेल. रोज आठवून बघतो, आठवत नाही."

"मग घरी बसून आठवा," चिझुरु दारातूनच म्हणाली. "इथे कशाला आलात?"

"दुकान बंद केलं. पुढच्या महिन्यात लेकाकडे जातोय, परगावी. जाण्याआधी एकदा तिच्या फोटोपुढे उदबत्ती..."

"नाही."

इसामु तिच्या मागे उभा होता. पोस्टाच्या उतारावर नेमकं काय झालं ते जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. चिझुरुची घरगुती सायकल तो वर्षातून एकदाही चालवत नसे. त्या दिवशी काढली होती. मागच्या खुर्चीत मिओरी "आणखी जोरात!" म्हणत होती. खाली सपाट रस्त्यावरचं वळण आलं आणि त्याच्या पायांनी एकोणीस वर्षांच्या सवयीने उलटा जोर दिला. घरगुती सायकलचं पायडल उलटं नुसतंच फिरतं. ब्रेक बोटांखाली होते. ते ध्यानात यायला एक सेकंद गेला आणि सायकल सरळ भिंतीवर गेली. पोलिसांना त्याने ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं. पुढचा भाग चेचला होता, कोणाला काही ठरवता आलं नाही. चिझुरुला राग धरायला माणूस हवा होता, तिला ओरिता मिळाला. खरं सांगितलं तर चिझुरुही सोडून जाणार, हे इसामुला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सात आठवडे तो गप्प होता.

"बरोबर आहे तुमचं," ओरिता म्हणाला आणि इसामुकडे वळून पुन्हा वाकला. "तिला धरायला जाताना तुमचं मनगट मोडलं असं ऐकलं. माझ्यामुळे. माफ करा."

"ब्रेक चांगले होते," इसामु म्हणाला. मीठ दे म्हणावं, तसा आवाज.

मग आतून उशिजिमा हळूच म्हणाला, "अरे देवा. पाय?"

"पाय."

"काय पाय?" चिझुरुने दोघांकडे पाहिलं. "कोणी सांगेल का मला?"

"मी पायांनी थांबवायला गेलो. ब्रेक दाबलेच नाहीत."

"पोलिसांशी बोललास तेव्हा हे माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि हे रोज आपल्या दारावरून मान खाली घालून जायचे, तेव्हा?"

"तेव्हाही."

ती तशीच मोज्यांवर खडीत उतरली. "ओरिताकाका, उठा," म्हणाली. तो उठेना, तेव्हा तिने काखेत हात घालून त्याला उठवलं आणि आत नेलं. इसामुची बसायची गादी उचलून तिने फोटोपुढे घातली, त्याला तिच्यावर बसवलं, उदबत्ती हातात दिली. ती पेटवलीही तिनेच.

इसामु उंबऱ्यापाशी उभाच होता.

"दार ओढून घे," ती वळून न बघता म्हणाली. "बाहेरून."

त्याने बूट घातले, दार ओढून घेतलं. आत ओरिता हुंदके देऊन रडत होता. इसामु अंगणात उभा राहून ते ऐकत राहिला आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा त्याला मिओरीची आठवण आली.