वायू बंद केल्यावर

चीनमधल्या लानजोऊत एकाच सरांच्या हाताखाली शिकलेली माणसं एकमेकांना भाऊबहीण म्हणतात. म्हणायला काय जातं! पण थान युन ते खरं धरून चालली होती. छ्वे होंग तिची ताई. नूडल्सच्या वाडग्यातले मांसाचे तुकडे वेचून हिच्या वाडग्यात टाकणारी. अशा मायेवर संशय कोण घेतो?

प्रयोगशाळेत दोघींचं काम एकच. भन्नाट वेगाने धावणाऱ्या आयनांचा झोत झेनॉन वायूच्या बारीक फवाऱ्यावर आदळवायचा आणि त्या टकरीतून निघणारा प्रकाश टिपायचा. या खेपेला एक फिकट जांभळी रेषा दिसली. कुणी आधी पाहिलेली नव्हती. ती खरी ठरली तर थान युनची नोकरी कायम होणार होती, नाहीतर करार संपला की बोचकं बांधून थिएनश्वेईला आईकडे.

अशा वेळी तिथली रीत ठरलेली आहे. वायू बंद करायचा आणि झोत रिकामाच सोडायचा. प्रकाश गेला तर तो वायूचाच; उरला तर यंत्रातलं भलतंच काहीतरी चमकतंय. ही रिकामी फेरी केल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. नेमकी त्याच दिवशी थान युन तापाने फणफणली होती.

"तू पड गं निवांत," ताई फोनवर म्हणाली. "मी केली रिकामी फेरी. काळाकुट्ट अंधार! आणि ऐक, शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं घालतेय."

"अगं पण ताई, मोठी तू..."

"माझी नोकरी पक्की आहे, बाई. मला काय नावाचं लोणचं घालायचंय?"

फोन ठेवून थान युन रडली. आनंदाने, वेडी.

पुढच्या आठवड्यात ती नोकरीचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे उभी राहिली. मधोमध दोघींचे हुआंगफू सर बसले होते. तिचं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "छान. आज झोत चालू आहेच. चला, वायू बंद करून दाखव."

सगळे नियंत्रण कक्षात गेले. थान युनने हसत हसत वायू बंद केला. पडद्यावरची जांभळी रेषा मात्र, जेवण आटोपूनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखी, जागची हलेना.

"यंत्राच्या खिडकीची काच चमकतेय," सर म्हणाले. "झोतातले चुकार आयन तिच्यावर आदळतायत. रिकामी फेरी केली होती ना?"

थान युनने ताईकडे पाहिलं. आता ती बोलेल, सांगेल.

"पहिलं नाव तिचं आहे, सर," छ्वे होंग म्हणाली. "पडताळणी तिचीच. मी आपली मदतीला होते."

थान युनने तिला बाहेर गरम पाण्याच्या नळापाशी गाठलं. "तू फेरी केलीच नव्हतीस?"

"केली होती." छ्वे होंग थर्मास भरत राहिली. "रेषा गेली नाही."

"मग मला अंधार कशाला सांगितलास?"

"वाटलं, कोण एवढ्या खोलात जातंय! खपलं असतं तर दोघींचं भलं होतं. तू लहान आहेस गं, सावरशील. माझ्या वयात नाव गेलं की गेलंच."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते थान युनला त्या क्षणी कळलं. ती तडक सरांकडे गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "छ्वे होंग कालच आली होती माझ्याकडे. म्हणाली, पोरगी नोकरीच्या घाईत आहे, रिकामी फेरी टाळतेय. उद्या तुमच्यासमोर करून घ्या. आणि जाताना काय म्हणाली माहितीये? तिच्यावर रागावू नका, माझी धाकटी बहीण आहे ती. एवढी जीव लावणारी ताई, आणि तू तिच्यावरच ढकलतेस?"

"ताई नका म्हणू तिला, सर," थान युन कशीबशी म्हणाली, आणि प्रयोगशाळेतलं आपलं टेबल रिकामं करायला गेली.